धुतलेला कचरा

कचरा टाकण्याआधी तो धुवून घ्यावा ही कल्पना साऱ्या गल्लीत एकट्या नानांनाच सुचली, आणि ती त्यांना इतकी पटली की त्यांनी त्यात चार दिवस घातले.

पूर ओसरून नऊ दिवस झाले होते. त्या सखल गल्लीत पाणी कमरेपर्यंत चढलं होतं आणि उतरताना घराघरात वीतभर चिखल ठेवून गेलं होतं. लोकांनी भिजलेल्या गाद्या, फुगलेली कपाटं, बंद पडलेले फ्रिज ओढून दाराबाहेर काढले आणि ढीग घातले. ढीग म्हणजे ढीगच. कशाचा पाय कशात अडकलाय, कळायला मार्ग नव्हता.

नानांना हे बघवेना. नाना लाँड्रीवाले. चाळीस वर्षं लोकांच्या कॉलरचे डाग काढण्यात गेलेली. दुकान वर चढावर होतं, त्यामुळे पुराने त्याला हात लावला नव्हता. तिथे वीज होती, पाणी होतं, मशिन होती. मग काय विचारता? नानांनी घरातली एकेक खराब वस्तू हातगाडीवर घालून वर नेली, धुतली, वाळवली आणि खाली आणून दारात मांडली. पडदे पार विटले होते आणि वीतभर आटले होते, पण स्वच्छ होते. गादीतल्या कापसाचे दगड झाले होते, पण खोळ पांढरीशुभ्र होती. प्लायवूडचं कपाट फुगून त्याची दारं लागत नव्हती, ते त्यांनी साबणाच्या पाण्याने पुसून काढलं. गालिचा गुंडाळून दोरीने बांधला. आणि सवयच ती, प्रत्येक वस्तूला नंबराची चिठ्ठी टाचली.

"अहो, टाकायच्याच आहेत ना वस्तू?" बायकोने दोनदा विचारलं होतं.

"टाकायच्या आहेत. पण रस्त्यावर मांडून टाकायच्या आहेत. लाँड्रीवाल्याच्या दारात मळके पडदे लोकांनी बघितले तर उद्या मला शर्ट कोण देईल?"

यावर बायकोने वाद घातला नाही. तिला वादापेक्षा तारखेची काळजी होती. नगरपालिकेची गाडी गल्लीत येणार ती सोमवारी. दारातला कचरा उचलला गेला की वायरमन मीटर जोडणार, तोही सोमवारीच, संध्याकाळी पाचपर्यंत. त्या दिवशी राहिलं तर पुढची पाळी बारा दिवसांनी. आणि आणखी बारा दिवस म्हणजे आणखी बारा दिवस बहिणीकडे.

बहीण जिवाला जीव देणारी होती. प्रश्न तिच्या नवऱ्याचा होता. नानांचे हे साडू चढावर राहत, आणि चढावर राहण्याचं श्रेय रोज सकाळी चहाबरोबर घेत. "मी घर घेताना आधी उंची बघितली. लोक स्वयंपाकघर बघतात." मग आंघोळीला किती बादल्या, गॅस किती वेळ, चपला कुठल्या दिशेला तोंड करून, हे सगळं समजावून सांगत. नानांची बायको नऊ दिवस विचारून चहा करत होती. पस्तीस वर्षं स्वतःच्या ओट्याशी राज्य केलेली बाई, तिला दुसऱ्याच्या घरात साखरेचा डबा विचारावा लागत होता. ती बोलत नव्हती, पण रात्री कूस बदलत असे ते नानांना ऐकू येई.

"सोमवारी मी माझ्या घरी चहा पिणार," ती एवढंच म्हणाली होती. "फर्निचर नसलं तरी चालेल."

तर तो सोमवार उजाडला. साडेनऊला गाडी गल्लीत शिरली. मागे दोन कामगार, पुढे ड्रायव्हर, आणि पायी चालत, हातात फळीला लावलेले कागद घेऊन, मुकादम. एकेक ढीग उचलत गाडी नानांच्या दारापाशी आली आणि थांबली. कामगार खाली उतरले. त्यांनी गादीकडे बघितलं, एकमेकांकडे बघितलं आणि हात मागे घेतले.

"हे कोणाचं सामान?" मुकादमाने विचारलं.

"माझंच. कचरा आहे," नाना म्हणाले.

"हा?"

"हो. उचला की."

मुकादमाने पडद्याला टाचलेली चिठ्ठी वाचली. "यावर नंबर आहे."

"खुणेसाठी लावलाय. एक ते सतरा. एकही वस्तू राहायला नको म्हणून."

मुकादम गादीपाशी वाकला आणि त्याने वास घेतला. "काका, हिला साबणाचा वास येतोय."

"येणारच. दोन पाण्यांतून काढलीय."

आता मुकादम हा माणूस वाईट नव्हता, पण त्याच्या फळीवर जो कागद होता त्यावर 'पूरबाधित घरगुती कचरा' असं छापलेलं होतं आणि वरून सक्त ताकीद होती. पुराचं निमित्त साधून लोक माळ्यावरचं जुनंपुराणं सामान रस्त्यावर आणून ठेवत होते. आदल्या दिवशी कुणीतरी अख्खा जिना आणून ठेवला होता. तेव्हापासून साहेबांचा हुकूम होता, चिखल दिसल्याशिवाय वस्तू गाडीत घालायची नाही.

"काका, हे पुरात भिजलंय हे मी कशावरून म्हणू?"

"अहो, कमरेइतकं पाणी होतं घरात. आतून बघा, कापसाचे गोळे झालेत."

"आतलं मला दिसत नाही आणि साहेबांना त्याहून दिसत नाही. चिखल कुठाय?"

"धुतला," नाना म्हणाले, आणि हा शब्द तोंडातून निघताच आपण काय करून बसलोय ते त्यांच्या ध्यानात आलं.

त्यांनी बरीच गयावया केली. वायरमनचं सांगितलं, बायकोचं सांगितलं, साडूंचंही थोडं सांगितलं. साडूंच्या भागाला मुकादमाचा चेहरा जरा मऊ झाला, पण फळीवरचा कागद काही मऊ झाला नाही. "मागच्या दोन गल्ल्या करून दोन वाजता इथूनच परत जाणार आहे," तो म्हणाला. "तेव्हा पुराचा कचरा दाखवा. लगेच उचलतो." गाडी पुढे गेली, आणि साऱ्या गल्लीत एकट्या नानांच्या दारात कचरा उरला.

आता चिखल आणायचा कुठून? सगळीकडे होता तेव्हा नको होता, आणि आता हवा होता तर मिळेना. घरातला त्यांनी स्वतः खरवडून काढला होता. रस्ता पंपाने धुऊन निघाला होता. नानांनी तर आपल्या दारापुढचा तुकडा ब्रशने घासला होता. गल्लीत भरपूर चिखल एकाच घरी शिल्लक होता. तो समोरच्या मास्तरीणबाईंकडे. बाई निवृत्त झाल्या होत्या, पण शाळा त्यांच्यातून निवृत्त झाली नव्हती. सरकारी पाहणी होईपर्यंत काही हलवायचं नाही असं कुठेतरी छापून आलेलं त्यांनी वाचलं होतं, आणि नऊ दिवस त्या चिखलाला हात न लावता माडीवर राहत होत्या.

"बाई, दोन बादल्या चिखल मिळेल का?" नानांनी खालून विचारलं.

बाईंनी चष्म्यावरून बघितलं. "कशासाठी?"

नानांनी सगळं सांगितलं. बाई शांतपणे ऐकून घेत होत्या, फक्त 'दोन पाण्यांतून काढली' या ठिकाणी त्यांनी डोळे मिटले.

"पुढच्या खोलीतला देणार नाही. तिथे भिंतीवर पाण्याची रेघ आहे, तो पुरावा आहे," त्या म्हणाल्या. "मागच्या अंगणातला घ्या. आणि खड्डा दिसता कामा नये, सारखा करून ठेवा."

नानांनी दोन बादल्या भरल्या, खड्डा सारखा केला आणि घरी येऊन रंग लावायचा ब्रश घेतला. पण हात उचलेना. समोर खोळ पांढरीशुभ्र होती. चाळीस वर्षांत त्यांच्या हातून कापडावर एक डाग पडला नव्हता. ते थोडे थांबले, बायको साखरेचा डबा विचारतेय असं चित्र डोळ्यांपुढे आणलं आणि ब्रश मारला.

बाई माडीच्या खिडकीतून बघत होत्या. "नाना, पाणी कुठवर आलं होतं?"

"कमरेपर्यंत."

"मग कपाटाच्या वरच्या कप्प्याला चिखल कसा लागला?"

नानांनी वरचा कप्पा पुसून काढला. मग दुकानातला खडू आणून कपाटावर कमरेइतक्या उंचीवर रेघ मारली आणि तिच्या खाली चिखल लावायला घेतला. काम चांगलं होत होतं, तेच वाईट होत होतं. कुठे जाड नाही, कुठे पातळ नाही, कडेला एक ओघळ नाही. अर्ध्यापाऊण तासात कपाट, गादी, उशा, गालिचा, पाचही पडदे एकसारखे तपकिरी झाले.

"छान," खिडकीतून आवाज आला. "फक्त एक विचारू? पूर जाऊन नऊ दिवस झाले. तुमचा चिखल अजून ओला कसा?"

नानांनी कपाळाला हात लावला, आणि कपाळालाही चिखल लागला. साडेबारा झाले होते. आभाळ भरलेलं, उन्हाचा पत्ता नाही. दोन वाजेपर्यंत हे वाळायचं कसं? आता दुसऱ्या कुणी हातपाय गाळले असते. पण ओलं कापड वेळेत वाळवणं हा नानांचा धंदाच होता. ते चढावर दुकानात गेले आणि वीज नसताना वापरायची जुनी कोळशाची इस्त्री पेटवून घेऊन आले.

बायको दीड वाजता गल्लीत शिरली. एका हातात डबा, दुसऱ्या हातात कपड्यांची बॅग. दारात येऊन ती थबकली. नवरा कपाळाला चिखल लावून उकिडवा बसला होता आणि खिडकीच्या पडद्यावर चिखलाला इस्त्री करत होता.

तिने डबा खाली ठेवला. "अहो, हे काय?"

"चिखल वाळवतोय."

"तो काढायला चार दिवस लागले होते ना?"

"हो. आता परत लावलाय. त्याशिवाय उचलत नाहीत." नानांनी मान वर केली. "तू बॅग घेऊन कशी आलीस? अजून काही ठरलं नाही."

ती पायरीवर बसली. "मी तिकडून निघून आलेय. भावजींनी सकाळी विचारलं, चहात दूध इतकं लागतं का? मी म्हटलं, लागतं. आणि बॅग भरली. ताई रडली, मीही रडले, पण आता मी परत जाणार नाही. वीज येवो न येवो, मी इथे फरशीवर झोपेन." मग ती हळूच म्हणाली, "तुमची चूक नाही म्हणा. पण तुम्ही जरा कमी स्वच्छ असता तर मी आत्ता माझ्या ओट्याशी असते."

नानांना ते फार लागलं. त्यांनी इस्त्री बाजूला ठेवली आणि नंतर विझायला नको म्हणून परत हातात घेतली. "होईल. दोन वाजता येतोय तो," ते म्हणाले, पण आवाजात काही दम नव्हता.

गाडी दोनला दहा कमी असताना आली. मुकादम ढिगापुढे उभा राहिला. त्याने कपाट बघितलं. खालपासून कमरेपर्यंत चिखल, आणि वर फूटपट्टीने आखल्यासारखी रेघ. त्याने पडदा उचलला. पडद्याची चौपदरी घडी होती.

"काका," तो फार शांतपणे म्हणाला, "पुराला इस्त्री कुणी केली?"

मागे एक कामगार हसला आणि लगेच खोकला. नानांनी इस्त्री पाठीमागे नेली.

बायको पायरीवरून उठली. "मी सांगते, मुकादम. हे सगळं पुरात भिजलेलं आहे आणि सगळं खरोखर धुतलेलं आहे. हा माणूस जन्मभर दुसऱ्यांची घाण काढत आला. आपली घाण रस्त्यावर मांडायची त्याला लाज वाटली, म्हणून त्याने ती धुतली. तुम्ही नाही म्हणालात, म्हणून परत लावली. यात फसवायचा विचार नव्हता. फसवणारा माणूस चिखलाची घडी घालतो का?"

मुकादमाने पुन्हा पडद्याकडे बघितलं. घडीच्या कडा एकमेकींना तंतोतंत मिळत होत्या.

"नाही," त्याने कबूल केलं. "फसवायला डोकं पाहिजे." त्याने गादीची शिवण बोटाने उसवली आणि आत हात घातला. कापसाचा काळपट, आंबूस वासाचा गोळा बाहेर आला. "हे आधीच बघायला पाहिजे होतं मी. चला रे, उचला."

दहा मिनिटांत दार मोकळं झालं. नानांचा जीव भांड्यात पडला, आणि जीव ठिकाणावर आल्यावर त्यांचं लक्ष प्रथमच त्या चौघांच्या कपड्यांकडे गेलं. नऊ दिवस तेच युनिफॉर्म. चिखल वाळून कापड पत्र्यासारखं झालेलं. एकाची मान कॉलरने घासून लाल झाली होती. नानांना ते सहन होईना. "हे द्या माझ्याकडे," ते म्हणाले. "दुकान तुमच्या वाटेवरच आहे. दीड तासात हातात देतो."

"काका, कचरा उचलला म्हणून काही नको हां," मुकादम म्हणाला.

"त्याच्यासाठी नाहीच. मला बघवत नाही म्हणून."

कामगारांनी मुकादमाकडे बघितलं. मुकादमाने आपली मान खाजवली, आणि गाडी चढावर गेली. कपडे मशिनमध्ये फिरत असताना घालायला नानांनी त्यांना गिऱ्हाइकांनी वर्षानुवर्षं न नेलेले कपडे दिले. ड्रायव्हरला कुणाच्या तरी लग्नाचा तीन तुकड्यांचा सूट आला. मुकादमाला वकिलाचा काळा कोट बसला, आणि तो घातल्यावर तो कामगारांशी जरा हळू आवाजात बोलायला लागला. पावणेचारला युनिफॉर्म तयार झाले. नानांनी दिवसभराचं सगळं मन त्यात ओतलं होतं. कॉलर कडक, विजारीला धारदार घडी, बटणं पुसलेली. चौघे गाडीत बसले ते घडी मोडू नये म्हणून ताठ बसले.

नाना घरी आले तेव्हा वायरमन शिडीवरून उतरत होता. बायकोने बटण दाबलं आणि रिकाम्या खोलीत दिवा लागला. बसायला काही नव्हतं, टेकायला काही नव्हतं. भिंतींवर कमरेपर्यंत पाणी चढल्याचा डाग होता. पण फरशी तिने पुसून लख्ख केली होती. ती दिव्याखाली उभी राहिली आणि पदराने डोळे पुसून हसली. "घर," ती म्हणाली. नानांनाही भरून आलं, पण त्यांनी दिव्याकडे बघून ते निभावलं. तिने स्टोव्ह पेटवला, कुणालाही न विचारता.

चहाला उकळी यायच्या आत दार वाजलं. दारात मुकादम, मागे ड्रायव्हर आणि ते दोघे. युनिफॉर्म झगझगीत. चेहरे पडलेले.

"काय झालं?" नानांनी विचारलं.

"हजेरी लागली नाही," मुकादम म्हणाला. "साहेबांनी वरपासून खालपर्यंत बघितलं. म्हणाले, साऱ्या शहरात गुडघाभर चिखल, आणि तुमच्या विजारीची घडी मोडली नाही? दिवसभर कुठे झोपला होतात? मी सगळं खरं सांगितलं. लाँड्री, इस्त्री, सगळं. तर म्हणाले, कागदावर काय लिहू? सहाच्या आत येऊन दाखवा, काम केल्यासारखे." त्याने घसा साफ केला. "काका, थोडा चिखल मिळेल का?"

नानांनी त्या चार युनिफॉर्मकडे बघितलं. इतकं चांगलं काम त्यांच्या हातून बऱ्याच दिवसांत झालं नव्हतं. मग ते बादली घेऊन समोर गेले.

"परत?" मास्तरीणबाई खिडकीतून म्हणाल्या. "घ्या. पण पाहणीला काहीतरी राहू द्या."

या खेपेला नानांना खडू लागला नाही. कुठल्या कामाचा डाग कुठे बसतो हे चाळीस वर्षं पाहिलेल्या माणसाला कुणी सांगायला नको होतं. "गादी खांद्यावर घेतो कोण? तू. मग तुझा डावा खांदा. कपाट मांडीवर टेकवून उचलतात, म्हणून तुझी मांडी. मुकादम, तुम्ही काम करत नाही, तुम्हाला फक्त बूट आणि विजारीची खालची कड. ड्रायव्हर, तू हात पुसतोस, तुला बसायच्या जागी." हाताने थोपटत, ओघळ सोडत, मध्येच घासत त्यांनी पाच मिनिटांत चौघांना असं केलं की त्यांनी महिनाभर झोप घेतली नसावी असं वाटावं. मुकादमाने स्वतःकडे बघितलं आणि त्याला एकदम थकवा आला.

"चहा झालाय," आतून बायकोने हाक मारली. "सगळ्यांचा टाकलाय."

चौघे उंबऱ्याबाहेरच घुटमळले. आत फरशी आरशासारखी होती आणि त्यांच्या बुटांतून चिखल गळत होता. रस्त्यावरून दोघंतिघं शेजारी जात होते, तेही लाँड्रीवाल्याच्या घरात काय चाललंय ते बघायला थांबले.

"या आत," नाना म्हणाले. "असेच या."

ते आत आले आणि भिंतीला टेकून फरशीवर बसले. पावलापावलाला चिखल उमटला. बायकोने कप दिले, साखर विचारली, एकाला दुसऱ्यांदा दूध वाढवलं. मग तिने रस्त्यावर थांबलेल्या माणसांकडे बघितलं आणि नानांना हळूच विचारलं, "दार लोटून घेऊ का?"

नानांनी फरशीकडे बघितलं, कप हातात घेतला आणि तेही त्या चिखलातच बसले.

"राहू दे उघडं," ते म्हणाले.